ख्रिस्ती लोक आपला विश्वास दुसऱ्यांना का सांगत फिरतात?

प्रार्थनासभेत घुसून गोंधळ, पाळकावर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूवर, धर्मांतराचा गुन्हा, मग दोन दिवस टीव्हीवर कलकलाट. अशी बातमी हल्ली कुठून ना कुठून येतच असते. चर्चेला बसलेला एक जण राज्यघटनेचे कलम २५ वाचून दाखवतो, दुसरा धर्मांतरविरोधी कायदा. एकाच्या तोंडी ‘सेवा’, दुसऱ्याच्या तोंडी ‘आमिष’. या आरडाओरड्यात एक साधा प्रश्न राहूनच जातो. मुळात ख्रिस्ती माणसाला आपला विश्वास दुसऱ्याला सांगावासा का वाटतो? कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, शेकडो वर्षे तेलाचे घाणे चालवत आपल्या शेजारी राहिले. त्यांनी कधी कुणाला आपल्या धर्मात बोलावले नाही. पारशांनी तर बाहेरच्यांसाठी दारच बंद ठेवले. मग यांनाच कसली घाई?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते, कारण या धर्मात ‘सांगणे’ ही पहिली पायरी नाहीच. पहिली पायरी आहे शिष्य होणे.

आधी उमेदवारी

गालील नावाच्या सरोवराकाठी येशू काही कोळ्यांना गाठतो आणि म्हणतो, माझ्यामागे या. ते जाळी टाकून निघतात. त्यांच्यापुढे त्याने कुठले धर्मशास्त्र मांडलेले नसते, कुठल्या प्रतिज्ञेवर सही घेतलेली नसते. पुढचा काही काळ ते त्याच्याबरोबर चालतात, जेवतात, भांडतात, चुकीचे प्रश्न विचारतात आणि बोलणी खातात.

गॅरेजमध्ये उमेदवारी करणारा पोरगा आठवा. पहिले काही महिने तो फक्त पाने हातात देतो, फडक्याने हात पुसतो, मिस्त्री इंजिनाचा आवाज कान लावून कसा ऐकतो ते बघतो. वहीत काही लिहून घेत नाही. एक दिवस मिस्त्री म्हणतो, ‘जा, त्या गिऱ्हाइकाची गाडी तू बघून ये.’ तेव्हा पोरग्याच्या पोटात गोळा येतो. पण काम शिकला की नाही हे तिथेच कळते. येशूनेही आपल्या बारा शिष्यांना असेच मधूनच गावोगाव धाडले. बरोबर पैसे घेऊ नका, झोळी घेऊ नका, फुकट मिळाले आहे ते फुकट द्या, आणि एखाद्या गावाने ऐकले नाही तर पायाची धूळ झटकून पुढे चला, असे सांगून.

ख्रिस्ती शिष्यत्व म्हणतात ते हे: येशूच्या मागे चालत त्याच्यासारखे जगायला शिकणे. या वर्तुळातले आणखी तीन शब्द एकदाच सांगून ठेवतो. येशूविषयीच्या बातमीला प्रॉटेस्टंट लोक सहसा ‘सुवार्ता’ म्हणतात आणि कॅथलिक ‘शुभवर्तमान’. या विश्वासाने आपल्या आयुष्यात काय घडले हे सांगणे म्हणजे ‘साक्ष देणे’. आणि पाण्याने होणारा प्रवेशाचा संस्कार म्हणजे ‘बाप्तिस्मा’.

शेवटची आज्ञा

मत्तयाने लिहिलेले शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधले येशूचे एक चरित्र, एका डोंगरावर संपते. मरणातून पुन्हा उठलेला येशू उरलेल्या अकरा शिष्यांना भेटतो. मजकूर सांगतो की त्यांनी त्याला नमन केले, पण काहींच्या मनात शंका होती. शंका असलेल्यांना बाजूला न काढता तो सगळ्यांनाच सांगतो: जा, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या, आणि मी जे जे आज्ञापिले ते सर्व पाळायला शिकवा. हीच ती ‘महान आज्ञा’. पाळकांच्या उपदेशात, सुवार्तिकांच्या सभांत, घरोघरच्या कॉटेज मीटिंगमध्ये तिचा दाखला सतत येतो.

आता ‘जे जे आज्ञापिले’ त्यात काय काय आहे ते बघा. वैऱ्यावर प्रीती करा. दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढायच्या आधी स्वतःचे मुसळ काढा. हे एका आठवड्याच्या शिबिरात शिकवून होण्यासारखे नाही, आणि शिकवणाऱ्यालाच जमत नसेल तर शिकवता येण्यासारखेही नाही. माझ्या मते बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात. आज्ञेत जाणे, शिष्य करणे, बाप्तिस्मा आणि शिकवण असे चारही आहे. पण मोजता येतो तो फक्त बाप्तिस्मा. मग अहवालात आकडा येतो, आणि आकडा आला की चढाओढ आलीच.

ही आज्ञा सगळ्या काळात सारखीच ऐकली गेली असेही नाही. ती येशूच्या पहिल्या प्रेषितांपुरती होती, आपला तिच्याशी संबंध नाही, असे युरोपातले कित्येक प्रॉटेस्टंट दीर्घकाळ मानत. इंग्लंडमधल्या विल्यम कॅरी नावाच्या चर्मकाराने १७९२ मध्ये याला जोरदार हरकत घेतली, दुसऱ्या वर्षी तो स्वतः बंगालमध्ये येऊन थडकला, आणि १८०५ मध्ये त्याने मराठीचे व्याकरणही छापले. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले ते याच लाटेवर. म्हणजे आज ज्याला आपण ‘मिशनरी वृत्ती’ म्हणतो तिचे सध्याचे रूप सव्वादोनशे वर्षांचे आहे.

समोरच्याने ‘नको’ म्हटले तर?

बाहेरून बघणाऱ्याला वाटते की यांच्या धर्मात ‘नको’ला जागाच नसावी. मूळ गोष्टी वाचल्या तर उलटेच दिसते. एक श्रीमंत तरुण येशूकडे येऊन विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवायला काय करू? येशू म्हणतो, आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तरुण खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्या मागे धावत नाही. ‘बरं, निम्मे विक’ असेही म्हणत नाही. दुसऱ्या एका प्रसंगी त्याचे बोलणे न पटून बरेच शिष्य त्याला सोडून जातात, तेव्हा तो उरलेल्या बारांनाच विचारतो, तुम्हालाही जायचे आहे का?

आणखी एक वाक्य आहे, ते सुवार्तेच्या सभांत फारसे ऐकू येत नाही. एका माणसाला आपल्या मतात आणण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना येशू झोडपतो. कारण तो माणूस हाती आला की ते त्याला आपल्यापेक्षा वाईट करून ठेवतात.

म्हणजे सांगण्याची आज्ञा जितकी जुनी, तितकीच समोरच्याला जाऊ देण्याची रीतही जुनी. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हे स्पष्ट शब्दांत लिहिले: विश्वास स्वीकारायला कुणावर बळजबरी करणे किंवा अयोग्य युक्त्यांनी कुणाला भुलवणे चर्चला निषिद्ध आहे. २०११ मध्ये व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्ता सांगण्यावर भर देणाऱ्या, चर्चेसची जागतिक संघटना या एरवी एका पंगतीला न बसणाऱ्या तिघांनी मिळून एक मार्गदर्शक मसुदा काढला. त्यात पैशाचे आमिष आणि माणसाच्या गरिबीचा फायदा उठवणे हे साफ नाकारले आहे. धर्म बदलणे हा मोठा निर्णय आहे, त्यासाठी विचार आणि तयारी करायला पुरेसा वेळ द्यावा, असेही त्यात म्हटले आहे. चटकन बाप्तिस्मे उरकणाऱ्यांना ही चपराक चर्चच्या आतूनच आहे.

‘मग गोव्यात काय झाले?’

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला वळसा घालून जाता येत नाही. पोर्तुगीजांनी गोव्यातल्या साष्टी भागातली देवळे पाडली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारे धर्मन्यायालय, सुरू झाले. मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. तिथे सत्ता आणि धर्म एका हातात होते. अशा वेळी ‘नको’ म्हणण्याची किंमत काय होती ते वेगळे सांगायला नको. ख्रिस्ती धर्मप्रसाराविषयी मराठी माणसाच्या मनात जो संशय आहे, त्याचे एक मूळ इथे आहे.

त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट नावाच्या कॅथलिक संघातला इंग्रज राहत होता. तो १५७९ मध्ये गोव्यात आला. आधीच ख्रिस्ती झालेल्या, किंवा केल्या गेलेल्या, लोकांना आपण काय झालो आहोत हेच नीट उमगत नव्हते. त्यांची जुनी पुराणे गेली होती आणि हाती नवे काही नव्हते. स्टीफन्सने त्यांच्यासाठी बायबलमधली कथा मराठी ओवीत रचली. ती १६१६ मध्ये छापली गेली. ओव्यांची गोडी निर्विवाद आहे. तरी क्रम उलटा पडला तो पडलाच: आधी बाप्तिस्मा, मग समज.

वसईची गोष्ट याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले. सत्तेचा धाक गेला, तरी स्थानिक ख्रिस्ती समाज ख्रिस्तीच राहिला. बळजबरीने सुरू झालेली गोष्ट पुढच्या पिढ्यांची खरीखुरी श्रद्धा होऊ शकते. त्याने मूळ बळजबरी माफ होत नाही, पण आजच्या वसईकराला ‘तुमची श्रद्धा खोटी’ म्हणण्याचा हक्कही कुणाला मिळत नाही.

भाकरी आणि बायबल

सर्वांत अवघड जागा ही. उपाशी माणसाला जेवू घालणारा आणि विश्वास सांगणारा एकच असेल, तर त्याच्या ‘हो’चा अर्थ काय घ्यायचा?

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात तेलुगू मुलखात ओंगोलजवळ जॉन क्लाव नावाच्या बाप्टिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या काही मैलांच्या खोदाईचे काम अंगावर घेतले आणि हजारो लोकांना, विशेषतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या मादिगांना, मजुरी दिली. संध्याकाळी तळावर प्रार्थना होत. लोक बाप्तिस्मा मागू लागले. क्लावने दुष्काळ संपेपर्यंत बाप्तिस्मे बंद ठेवले, साधारण सव्वा वर्ष. मदतीचे काम संपल्यावर दार उघडले, तर ३ जुलै १८७८ या एका दिवसात गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. सहा जण आळीपाळीने पाण्यात उभे होते. टीकाकारांना हा आकडाच पुरावा वाटला. समर्थकांना त्याआधीचे थांबणे. मला दोन्ही पुरते पटत नाही. थांबणे प्रामाणिक होते, पण मजुरी देणाऱ्याचा चेहरा पोट भरल्यावरही आठवतोच. शिवाय गावात ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांना कुणीतरी शेजारी बसवून घेतले. आता याला आमिष म्हणायचे की आदर?

जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. विधवा मुलींचे हे घर-शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती प्रार्थना करत, पण खोलीचे दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि बऱ्याच मुलींना घरच्यांनी काढून नेले.

रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कुणाला बोलावले नाही, पण माझी श्रद्धा लपवणारही नाही. बरोबर आहे. टीकाकारांचे म्हणणे असे, की जिच्या छताखाली राहतो, जिचे अन्न खातो, तिच्या उघड्या दाराचे वजन बंद दारापेक्षा कमी नसते. तेही बरोबर आहे. मात्र त्या मुलींना आपल्या घरी परत नेणाऱ्यांनी तरी मुलींचे मत विचारले होते का, हा तिसरा प्रश्न त्या वेळी फार थोड्यांना पडला. आजही धर्मांतराच्या वादात ‘भोळ्या’, ‘अजाण’ ठरवल्या जाणाऱ्या माणसाला कुणी बोलू देत नाही.

आमिषाच्या हिशेबात दुसरी बाजूही धरावी लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा, पंजाबातल्या काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात सगळे शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्या दलिताच्या हातून आरक्षण आणि ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण जाते. ज्याला केवळ फायदा हवा, त्याच्यासाठी हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

कायदा नेमके काय म्हणतो?

कलम २५ धर्म प्रकट करण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. यातल्या ‘प्रसार’ शब्दावर ६ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत चांगलीच खडाजंगी झाली. लोकनाथ मिश्रांनी विरोध केला. क. मा. मुन्शींनी सांगितले की हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या तडजोडीचा भाग आहे, आणि तो नसता तरी भाषणस्वातंत्र्याखाली आपले मत दुसऱ्याला पटवता आलेच असते. शब्द राहिला.

१९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी रेघ आखली: आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर ‘करण्याचा’ हक्क नाही. ओडिशा आणि मध्य प्रदेशचे धर्मांतरविरोधी कायदे त्या निकालात टिकले. बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांवर बंदी असावी, याला वर सांगितलेल्या चर्चच्या मसुद्यांचाही विरोध नाही.

अडचण व्याख्येची आहे. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात आमिष म्हणजे पैसा, भेटवस्तू, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेत मोफत शिक्षण, चांगले राहणीमान, आणि देवाची मर्जीसुद्धा. आता देवाच्या मर्जीविषयी न बोलणारा धर्म कुठला? याच अर्थाने बघितले तर संकष्टीचे व्रत सांगणाराही अडकेल. २०२४ च्या दुरुस्तीने तिथे कुणालाही तक्रार करण्याची मुभा मिळाली. तोवर ती बाधित व्यक्ती आणि तिचे नातेवाईक यांच्यापुरती होती. ज्याचा विश्वास बदलला त्याची तक्रार नसताना तिऱ्हाइताने ती करायची, ही तरतूद मला खटकते. धर्म बदलणाऱ्याची बुद्धी शाबूत आहे, असे कायद्याने आधी गृहीत धरायला हवे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडले ते महाराष्ट्राला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

‘ख्रिस्त पटला असेल, पण धर्म कशाला बदलायचा?’

हा प्रश्न कवी नारायण वामन टिळकांना आयुष्यभर छळत राहिला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांच्या कवितेवर गप्पा झाल्या. उतरताना त्याने टिळकांना नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. पुस्तक मात्र त्यांनी वाचायला घेतले, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे हिंदूच राहिल्या, काही काळ पतीपासून वेगळ्या. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी.

आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत. त्यांची भजने आजही मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर म्हटली जातात. पण शेवटी शेवटी त्यांना मिशनचा साहेबी थाट आणि पगारी सुवार्ता दोन्ही नकोशी झाली. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. चर्चमधल्या अनेकांना ते रुचले नाही. त्यांचा मुद्दाही बिनबुडाचा नव्हता: बाप्तिस्मा आज्ञेतच आहे, तो वगळायचा अधिकार टिळकांना कुणी दिला? टिळक १९१९ मध्ये गेले आणि हा वाद अर्धवट राहिला. आजही भारतात येशूला मानणारे पण बाप्तिस्मा न घेतलेले लोक आहेत, आणि त्यांना काय म्हणायचे यावर चर्चमध्ये एकमत नाही.

जन्मानेच ख्रिस्ती असलेल्यांचे काय?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी, पावणेअकरा लाखांच्या आसपास होते. त्यातले बहुतेक नगर, वसई, मुंबईच्या ख्रिस्ती घरांत जन्मलेले. त्यांचा बाप्तिस्मा बाळपणी झालेला, नाव आजोबांचे, नाताळ आणि लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) घरच्या सवयीचे. महान आज्ञा यांनाही लागू आहे, आणि गंमत अशी की पाळकांची आणि फादरांची खरी दमछाक इथेच होते. अनोळखी माणसाला सुवार्ता सांगणे एक वेळ सोपे. तरुणपणी दृढीकरणाचा, म्हणजे बाळपणीचा बाप्तिस्मा पक्का करण्याचा, संस्कार घेऊन नंतर फक्त लग्नाला आणि मयताला चर्चमध्ये येणाऱ्याला ‘शिष्य हो’ म्हणणे कठीण.

हे सांगणे वसईत एका माणसाने निराळ्या तऱ्हेने केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात बिल्डरांच्या आणि गुंडांच्या विरोधात उभे राहिले, आणि त्या लढ्यात सर्व धर्मांचे वसईकर होते. त्यांनी बायबल आजच्या मराठीत आणले; त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा, धर्मप्रसारक अध्यक्ष कसा चालेल, म्हणून विरोध झाला, धमक्याही आल्या. विरोधकांचा शब्द चुकीचा नव्हता. दिब्रिटो धर्मप्रसारक होतेच; त्यांनी ते कधी लपवले नाही. प्रकृती बरी नसताना ते उस्मानाबादला गेले आणि अध्यक्षीय भाषण करून आले.